नटीचा हात आणि फुकटची सॉफ्टवेअरं

ये वो पोरी, तो वेताचा मोढा ओढ अन् जवळ बस. फोटो नीट करायला फुकटचं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, हे गावभर विचारून झालं. अन् जिनं पत्रिका छापून अर्ध्या आरमोरीचे संसार लावले, त्या आत्याले शेवटी विचारून राहिली? शोभते का तुले?

तर ऐक. दोन हजार साल उलटून गेलं होतं. माझ्या छपाईच्या दुकानात जुना कॉम्प्युटर, शिकवणारं कोणी नाई. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा; अन् मंडई म्हटली की नाटक आलंच. आमच्या झाडीपट्टीत नाटकापुढं दिवाळी फिकी. लेकी-जावई, व्याही, सगळे येतात. चुलीवरचा रस्सा खाली उतरत नाही. नाटकाच्या कमिटीचे अध्यक्ष माझे धाकटे दीर. अध्यक्षाचा फोटो हँडबिलावर पाहिजेच, नाहीतर माणसानं अध्यक्ष व्हावं कायले?

नाटक कंपनीनं नटीचा फोटो धाडला. तिचा हात नायकाच्या खांद्यावर. नायक तोवर भांडून निघून गेलेला. मी कॉम्प्युटरात आधीपासूनच असलेलं सॉफ्टवेअर उघडलं. ते नवशिक्याचं. त्यात चिकटवलेलं गोवरीसारखं बसते; काढाल तर भिंतीचा पोपडाही येते. नायकाच्या मुंडक्यावर भाऊजींचं मुंडकं चिकटवलं, झेरॉक्स काढल्या, चार पानठेल्यांवर लावल्या.

दुपारी भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ, हँडबिल घेऊन दुकानात हजर.

"बाई, हा हात कोणाचा होय?"

"नटीचा."

"आमच्या ह्याईच्या खांद्यावर काऊन?"

"सॉफ्टवेअर फुकटचं आहे वो."

"अन् हे का विकतचे आहेत? सांजेपर्यंत हे निस्तरा, नाहीतर मी सकाळच्या गाडीनं चिमूरले माहेरी. पाहुण्याईले त्या नटीच्या हातचंच जेवू घाला!"

जाऊ गेली तर तेवढी माणसं जेवू घालणार कोण? मी?

नेटकॅफेवाल्यानं एक मोठं सॉफ्टवेअर फुकटात टाकून दिलं होतं. ते पंडितांचं. उघडलं की चार खिडक्या, प्रत्येकीत भांडी मांडल्यासारखी बटणं. एक दाबलं, नटी गायब. दुसरं दाबलं, मीच घामाघूम. बंद केलं.

मग मासिकाच्या सीडीतलं मधलं. थोडा हात बसलेल्यांचं. त्यात थर असतात, काचेवर काच ठेवल्यासारखे. एक सरकवला तरी दुसरा जागेवर. हात सुंदर निघाला. पण हाताखाली खांदाच नव्हता! तेवढ्यात भाऊजी आले, मागोमाग जाऊ.

"वहिनी, माझा खांदा कुठी गेला?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "बाई, खांदा कायले दुरुस्त करता? माणूसच काढा."

त्यासाठी पहिलं, नवशिक्याचंच पुरलं. हात असलेलंच जुनं हँडबिल त्यात परत उघडलं, खोडरबर फिरवला, भाऊजी गेले. रिकाम्या जागी लिहिलं, 'बायकांसाठी बसण्याची वेगळी सोय'. नटीचा हात त्यावर मोठ्या प्रेमानं टेकलेला. नाटकाले इतक्या बायका लोटल्या की आणखी सतरंज्या मागवाव्या लागल्या!

जाऊ राहिली, दोन दिवस चुलीसमोर. भाऊजी माझ्यावर रुसले. रस्सा मात्र मागून मागून खाल्ला.

तर बाई, आधी पाहा, काय करायचं आहे. माणूस पुसायचा असेल तर पंडिताचं कशाले? खांदा जोडायचा असेल तर मधलं शिक. मोठं तुझ्या पोरांसाठी ठेव. बाकी पुढच्या खेपी फोटो घेऊन इथीच येऊन बस, मी दाखवते. फोनवर विचारू नको, मले नीट ऐकू येत नाई. लवकर ये, अन् जावयाले घेऊनच ये.