वसुधाताईंचा मतदारसंघ

फोन आला तेव्हा मी कचरा वेगळा करत होते. मंगळवार, म्हणजे जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. आठच्या आत पिशवी खाली नेली नाही तर ती पुढच्या गाडीपर्यंत घरातच ठेवावी लागते. अनोळखी नंबर होता. वसुधाताई राहायच्या त्या डोंगरातल्या गावच्या नगर कार्यालयातले कारकून नाकाई-सान बोलत होते. त्यांनी आधी तोक्योत थंडी कशी आहे ते विचारलं, इतक्या सकाळी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि मग म्हणाले, "सेनसेई आज उठल्या नाहीत." ताईंना तिथे सगळे सेनसेई, म्हणजे शिक्षिका, म्हणत. मला वाटलं, बरं नसेल. "डॉक्टरांना बोलावलंत का?" मी विचारलं. "हो. डॉक्टर येऊन गेले," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं. धाकटी लेक जपानीत विचारत होती, आई काय झालं, आणि खाली कचऱ्याची गाडी निघून गेली.

याला आता सात आठवडे झाले. वसुधाताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही तोक्योतल्या हिगाशी-कसाईला राहायला आलो, मी जपानी शिकले, आणि इथल्या एका मराठी घरी सत्यनारायणाला गेले असताना एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला विचारलं, "म्हाताऱ्या माणसांचं जपानी कळतं का तुला? गावाकडचं, दात नसलेलं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना मुलाखतींची ध्वनिमुद्रणं कागदावर उतरवून देणारं कुणीतरी हवं होतं. पुढच्या आठवड्यापासून मुलं शाळेत गेली की मी कानाला हेडफोन लावून बसू लागले. असं सहा वर्षं चाललं.

ताईंचे वडील सांगली जिल्ह्यातले साधे कार्यकर्ते. निवडणूक आली की जीपवर भोंगा बांधून तालुकाभर फिरायचे, निवडून आलेल्या माणसाकडे कधी काही मागायचे नाहीत. ताई पुण्यात राज्यशास्त्र शिकल्या, डॉक्टरेटसाठी जपानला आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. दोन विद्यापीठांत तासांवर शिकवायच्या, आणि बाकीचं सगळं आयुष्य त्यांनी डोंगरातल्या एका मतदारसंघाला दिलं. तिथली जागा एकाच घराण्याकडे तीन पिढ्या होती. आजोबा, मग जावई, मग नात. पहिल्या निवडणुकीत आजोबा अगदी थोड्या मतांनी आले आणि त्यांनी खोऱ्याला बोगदा आणला, रस्ता आणला, पूल आणले. त्याच रस्त्याने नि त्याच बोगद्यातून पोरं शहरात गेली आणि परत आली नाहीत. माणसं कमी झाली तशी मतदारसंघाची हद्द दोनदा बदलली, आणि शेवटी तो समुद्राकाठच्या शहराच्या मतदारसंघात विरून गेला. "पक्ष मेले, पुढारी मेले, त्यावर पुष्कळ लिहिलंय लोकांनी," ताई म्हणायच्या. "मतदारसंघ मरतो तेव्हा काय होतं, ते मला लिहायचंय."

मी त्यांच्याबरोबर त्या खोऱ्यात पहिल्यांदा गेले ते निवडणुकीच्याच दिवसांत. बस आम्हाला सोडून निघून गेली आणि इतकी शांतता झाली की माझ्याच जाकिटाचा आवाज मला मोठा वाटायला लागला. रस्त्याच्या कडेला सरकारने पोस्टरांसाठी फळी उभारली होती. आकडे घातलेले चौकोन, त्यांत हसरे चेहरे. समोर अकरा घरं, सगळ्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. तेवढ्यात वरच्या वळणावरून प्रचाराची गाडी आली. आतली बाई पांढरे हातमोजे घालून बाहेर हात हलवत होती, उमेदवाराचं नाव घेत होती. एका घरासमोर आल्यावर ती गोड आवाजात म्हणाली, "वरच्या मजल्यावरून हात हलवणाऱ्या आजी, मनःपूर्वक आभार!" मी वर पाहिलं. तिथेही फळ्याच होत्या.

बसथांब्याशी गाडी थांबली तेव्हा ती बाई भाताचा गोळा खात उभी होती. ताईंनी तिला अदबीने त्या आभारांबद्दल विचारलं. ती म्हणाली, सवय हो, माझ्या आधीच्या बाईंनी दिलेला कागद आहे, कुठल्या घरातून कोण हात हलवतं त्याचा. मी विचारलं, "मग बाकीच्या दहा घरांचे आभार का नाही मानले? ती पण कागदावर असतील ना?" तिने माझ्याकडे पाहिलं, घास गिळला आणि अगदी सहज म्हणाली, "तिथे कुणी नव्हतं." ताईंनी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "ताई, मला भीती वाटली." त्या म्हणाल्या, "मलाही. पण आधी लिहायचं, मग घाबरायचं."

त्या खोऱ्यात कुराओका-सान नावाचे गृहस्थ राहत. वय एक्याण्णव. इथे मतदान सुरू होण्याआधी पहिल्या मतदाराला मतपेटी उघडून दाखवतात. ती रिकामी आहे हे त्याने पाहायचं, मग कुलूप लावायचं. गेली सत्तर वर्षं प्रत्येक निवडणुकीला हा पहिला मतदार कुराओका-सानच असत. सातला दार उघडायचं, ते साडेपाचपासून बाहेर उभे. बर्फ पडत असला तरी. गावात त्याची थट्टा व्हायची, एका वर्तमानपत्राने त्यांचा फोटोही छापला होता. ताईंनी त्यांच्याशी खूपदा बोलून घेतलं. एका ध्वनिमुद्रणात एक्केचाळिसाव्या मिनिटाला खट्ट असा आवाज येतो आणि बोलणं तुटतं. परत सुरू होतं तेव्हा म्हातारबुवांचा आवाज निराळाच आहे. कुणीतरी दुसरंच माणूस त्यांच्या जागी येऊन बसावं तसा. मी मागेपुढे करून तो तुकडा दहा वेळा ऐकला. मग ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हो, मधे मशीन बंद केलं होतं. तू 'खंड' एवढंच लिही."

त्या खंडात काय होतं ते त्यांनी मला दोन वर्षांनी, कुराओका-सान गेल्यानंतर सांगितलं. दुपारी माझ्याकडे पिठलं-भाकरी खायला आल्या होत्या. भाकरी थापता थापता मी ऐकत होते. त्या दिवशी म्हाताऱ्याने ताईंना विचारलं होतं, "सेनसेई, तुम्ही मत कुठे देता?" ताई म्हणाल्या, "कुठेच नाही. इथे मला हक्क नाही आणि तिकडे जाणं होत नाही." यावर तो म्हणाला, "मग तुम्हाला सांगता येईल. ते मशीन बंद करा."

घराण्यातले आजोबा पहिल्यांदा उभे होते त्या निवडणुकीची गोष्ट; म्हाताऱ्याचंही ते पहिलंच मतदान होतं. उत्साहाने सगळ्यांच्या आधी गेला. केंद्राध्यक्ष म्हणून गावच्या शाळेचे मास्तर होते, त्यालाही त्यांनीच शिकवलेलं. मास्तरांनी लाकडी पेटी उघडून त्याच्यापुढे तिरकी धरली. तळाशी घडी घातलेल्या कागदांचा थर होता. इथे मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव मतदाराने स्वतः लिहायचं असतं. वरच्या एका कागदाची घडी सुटली होती आणि त्यावरचं अक्षर त्याने ओळखलं, कारण तेच अक्षर गिरवून तो लिहायला शिकला होता. खोलीत सात माणसं होती. कुणीच काही बोललं नाही. मास्तर त्याच्याकडे पाहत होते, रागाने नाही... विनवल्यासारखे. तो वाकला आणि म्हणाला, "रिकामी आहे." मग बोगदा आला.

"त्यानंतर दरवेळी पहिला जातो," त्याने ताईंना सांगितलं. "पुन्हा कुणाला ते बघायला लागू नये म्हणून. पण सेनसेई, दरवेळी आधी मला कागद दिसतात. डोळे मिटून उघडले की नसतात."

भाकरी करपली होती. मी म्हटलं, "ताई, हे तर तुमच्या पुस्तकाचं मूळच आहे!" त्या म्हणाल्या, "मूळ आहे, पण पुरावा नाही. एका मेलेल्या माणसाचं तोंडी बोलणं, तेही मशीन बंद असताना. दुसरा साक्षीदार हवा." त्या वर्षी त्यांनी तोक्योजवळची ग्योतोकुची खोली सोडली आणि खोऱ्यात घर भाड्याने घेतलं. मतदान केंद्र तोवर बंद झालं होतं, मतदार नऊच उरले होते. मी फोन केला की म्हणायच्या, बरी आहे, शोधते आहे. नाकाई-सान घरचे मुळे आणून देतात, बर्फ काढून देतात, भला माणूस आहे. शेवटी शेवटी मी साक्षीदाराचं विचारलं की त्या विषय बदलायच्या. मला वाटलं, थकल्या.

त्या गेल्यावर सामान आवरायला मी गेले. त्यांचं हस्तलिखित टेबलावर नीट बांधून ठेवलेलं होतं, जपानीत, पूर्ण झालेलं. मी आधी ते प्रकरण काढलं. त्या पहिल्या निवडणुकीबद्दल उमेदवार, मिळालेली मतं, हवामान, एवढीच माहिती होती. आणि एक वाक्य: 'सकाळी सात वाजता पहिल्या मतदाराने पेटी रिकामी असल्याचं सांगितलं.' बाकी काही नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. मला राग आला, खरं सांगते. इतकी वर्षं, इतकी ध्वनिमुद्रणं, आणि शेवटी हे?

नाकाई-सान दारात उभे होते. "कुराओका-सानबद्दल सेनसेईंनी काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. ते कमरेतून वाकले आणि तसेच राहिले, इतका वेळ की मला काय करावं कळेना. मग सरळ होऊन म्हणाले, "ते मास्तर माझे आजोबा."

 केंद्राध्यक्षाचं नाव सरकारी कागदांवर होतं, आडनाव तेच, म्हणजे ताईंना ते पहिल्यापासून ठाऊक असणार. ज्याला शोधायला त्या इथे येऊन राहिल्या, तो साक्षीदार दर आठवड्याला त्यांच्या दारात मुळे ठेवून जात होता. आणि त्यांनी त्याला कधीच विचारलं नाही.

"आजोबा शेवटच्या दिवसांत 'पेटी, पेटी' म्हणत होते," नाकाई-सान म्हणाले. "आम्हाला वाटलं, शवपेटीबद्दल बोलताहेत. मी म्हणायचो, आजोबा, चांगली करून घेऊ. त्यावर ते रडायचे... 'रिकामी कर,' म्हणायचे. कुठली पेटी ते मला पुढे कळलं. सेनसेई विचारतील म्हणून मी रोज वाट पाहायचो. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

मी म्हटलं, "मी हे लिहिलं तर?" त्यांनी विचार केला. "तुमच्या भाषेत लिहा," ते म्हणाले. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. खोऱ्याचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं बदलली आहेत. ताईंच्या पुस्तकातलं ते वाक्य मात्र तसंच राहील. ते त्यांनी कुणासाठी तसं लिहिलं हे आता मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी बसच्या आधी नाकाई-सान मला कार्यालयाच्या मागच्या कोठीत घेऊन गेले. जुन्या खुर्च्या, शाळेची घंटा, आणि एका फडताळात ती लाकडी पेटी. त्यांनी ती दोन्ही हातांनी उतरवली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे तिरकी धरली. बाहेर कुणीतरी फोनवर बोलत होतं ते थांबलं. मी वाकून पाहिलं. कापराचा वास येत होता. आत काहीच नव्हतं, नुसतं लाकूड. तरी मी डोळे मिटले आणि पुन्हा उघडून पाहिलं. नाकाई-सान माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"रिकामी आहे," मी म्हणाले.