राळ्यांची पिशवी

गाठ झाली म्हणून सोलापूरला पत्नीचा डावा स्तन काढला, तेव्हा थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, मुंबईला रबराचा मिळतो म्हणे. पण त्यांनाही खात्री नव्हती. परतताना एस.टी.त पत्नी एवढंच बोलली, "लेकीच्या लग्नात मला धड दिसायचंय. सोयऱ्यांना कळता कामा नये."

आधी तिने चोळीत कापूस भरला. तो चालताना वर सरकायचा. येरमाळ्यात आमचं धान्याचं दुकान. मी तिला जुन्या धोतराची पिशवी शिवायला सांगितली आणि तीत राळे भरले. बारीक, गोल दाणा, टोचत नाही. अर्धा पाव घातले तर डावा खांदा उचललेला दिसे. पावशेरातून मूठभर काढले, तेव्हा आरशात दोन्ही खांदे एका रेषेत आले. किलोची वजनं नुकतीच आली होती, पण मी जुन्यांनीच तोललं. पत्नी बराच वेळ आरशापुढून हलली नाही.

आमच्यात हळदीला चार कोपऱ्यांवर तांबे ठेवून भोवती सूत गुंडाळतात आणि आत नवरीबरोबर तिच्या आईलाही न्हाऊ घालतात. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण वजनाच्या नादात पाण्याचा विचार दोघांनाही सुचला नाही.

पत्नी पदर आवळून बसली. कळशी घेऊन उभी असलेली माझी बहीण म्हणाली, "वैनी, नवरी तुमी न्हाय, लेक हाय. लाजता कशाला?" बायका हसल्या. कळशी खांद्यावर रिकामी झाली. राळे भिजले, पिशवी जड होऊन पोटाशी उतरली. वराकडून हळद घेऊन आलेल्या दोघी समोरच होत्या.  बायकांचं हसणं थांबलं.

सासरी निघताना मुलगी आईच्या गळ्यात पडायला आली. आई डाव्या अंगावर हात आडवा धरून उभी होती. म्हणाली, "इकडून नगं गं, ह्या बाजूनं ये." मुलगी उजव्या खांद्याला टेकली.

मी वाळूची पिशवी करू म्हणालो, वाळू पाणी पिऊन फुगत नाही. पत्नी म्हणाली, "आता कुणाला दावायची?" भिजके राळे तिने कोंबड्यांना टाकले. हळदीकुंकवाला ती पुन्हा कुणाकडे गेली नाही.

पुढे काखेत गाठ आली. सोलापूरला जाऊ म्हटलं, तिने नाही म्हणून मान हलवली. मुलगी भेटायला यायची आणि न सांगता खाटेवर आईच्या उजव्या बाजूला बसायची.