दुसऱ्या बेसवर थांबलेले गृहस्थ

माझा उजवा गुडघा ठणठणीत आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. बायकोला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाकी जपानात कुणालाच नाही.

आमच्या ऑफिसची बेसबॉल टीम होती आणि मी तिचा स्कोअरर. खेळता येत नव्हतंच. पण कॉलेजात असताना पुण्यात एका क्लबच्या क्रिकेटची वही मी लिहायचो, अशी बढाई एकदा जेवताना मारली, आणि पुढच्याच रविवारी काचोंनी, म्हणजे आमच्या सेक्शनच्या प्रमुखांनी, दोन्ही हातांनी माझ्यापुढे स्कोअरबुक धरलं. मी नियमांचं पुस्तक आणून पाठ केलं. मग हळूहळू टीममध्ये कुणी मला नावाने हाक मारेना. मी 'स्कोअरर-सान' झालो.

आणि मी कडक होतो. आलेला बॉल सुटला तर ती खेळाडूची चूक लिहायची की समोरच्याला चांगल्या फटक्याचं श्रेय द्यायचं, हे स्कोअरर ठरवतो. मॅच संपली की मोठमोठी माणसं माझ्या खांद्यावरून वहीत डोकावायची.

"स्कोअरर-सान, ऊन डोळ्यांवर होतं."

"पुस्तकात उन्हाचं काही दिलेलं नाही," मी म्हणायचो.

एकदा काचोंच्याच नावावर एका दिवसात तीन चुका लिहिल्या. त्यांनी वाकून माझे आभार मानले. मला फार बरं वाटलं. हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं ह्या बरं वाटण्यातून झालं.

तो नोव्हेंबरचा रविवार होता. आराकावा नदीच्या काठावरचं मैदान, समोर आमच्याच कंपनीच्या टपाल आणि सामान विभागाची टीम. आमचा एक गडी आलाच नाही, त्याच्या मुलीला ताप होता. आठ माणसांनी खेळता येत नाही. काचोंनी मला ग्लोव्ह दिला आणि लांब उजवीकडे बोट दाखवलं.

"फक्त उभे राहा. तिकडे बॉल येत नाही."

सहा डाव खरंच आला नाही. सातव्यात, म्हणजे शेवटच्या डावात, आम्ही एका रनने पुढे होतो आणि त्यांचा एकच गडी बाद करायचा राहिला होता. बॅट घेऊन आले ते टपाल विभागातले एक गृहस्थ. साठीला टेकलेले, मार्चमध्ये निवृत्त होणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही होमरन, म्हणजे चारही बेस फिरवून आणणारा फटका, मारलेला नाही, हे दोन्ही टीमना ठाऊक होतं, कारण ते आले की त्यांचीच माणसं बाकावरून ओरडायची, "ह्या जन्मात एक तरी."

त्यांनी बॉल उडवला तो थेट माझ्याकडे. मी पुढे धावलो. मागे धावायला हवं होतं. दोन्ही हात वर करून मी उभा राहिलो आणि बॉल डोक्यावरून आरामात मागे गेला. त्या मैदानाला कुंपण नाही. मागे गवत, मग सायकलींचा रस्ता, मग नदी. एवढ्या वेळात चारही बेस चालत फिरले असते तरी होमरन होता.

मी वळलो, घसरलो आणि पडलो. लागलं काहीच नाही. पण बाकावरून काचोंचा एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला, आणि सबंध मोसमात मी वहीत लिहिलेली सगळी नावं डोळ्यांसमोर आली. मी गुडघा धरला. उजवा.

माझा अंदाज क्रिकेटचा होता. आमच्याकडे फील्डर पडला की "पडलाय, पडलाय, अजून एक घे" म्हणत पोरं आणखी दोन रन पळून घेतात आणि मग विचारायला येतात, लागलं का रे. इथेही पळतील, बरोबरी होईल, आणि मी मूर्ख ठरण्याऐवजी जखमी ठरेन. कुणाचंच नुकसान नाही.

गृहस्थ दुसऱ्या बेसवर थांबले.

त्यांची माणसं "पळा, पळा" असं ओरडत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि बेसवर एक पाय ठेवून माझ्या दिशेने वाकले. ते वाकल्यावर त्यांची सगळी टीम गप्प झाली. आमचे दोघेजण धावत आले ते बॉलकडे नाही, माझ्याकडे. बॉल गवतात एकटाच पडला होता.

आता अडचण अशी, की बॉल चालू असेपर्यंत अंपायरला खेळ थांबवता येत नाही. तो बिचारा हात जोडून विनंती करत होता, कुणीतरी कृपा करून बॉल आत आणा. जखमी माणसाला सोडून कोण जाणार? शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजींनी बॉल उचलला, रुमालाने पुसला आणि दोन्ही हातांनी अंपायरला नेऊन दिला.

ह्याने प्रकरण अधिकच बिघडलं. बाहेरच्या माणसाने चालू बॉल उचलला तर काय करायचं, हे तिथे एकाच माणसाला पाठ होतं. तो गवतात आडवा होता.

सगळे माझ्याभोवती गोल करून उभे राहिले. काचोंनी माझा पाय मांडीवर घेतला होता. अंपायर उकिडवा बसला.

"दुखत असताना विचारतोय, माफ करा. नियम काय सांगतो?"

मी कण्हत कण्हत सांगितलं, "बॉल उचलला नसता तर रनर कुठवर गेला असता, ते अंपायरने ठरवायचं. आणि तिथवर त्याला न्यायचं."

"मग तुमच्या मते ते कुठवर गेले असते?"

माझं पाप काय असेल तर ते इथे आहे. पडलो, तो अपघात होता. गुडघा धरला, ती घाबरट चलाखी म्हणा. पण ह्या घडीला मी "घरापर्यंत", म्हणजे शेवटच्या बेसपर्यंत, असं म्हणालो असतो तर सगळं सरळ झालं असतं. त्यांना त्यांचा होमरन मिळाला असता. पण मग एवढा फटका कुठून गेला, कसा गेला, ह्याची चर्चा माझ्या डोक्यावर उभं राहून झाली असती. काचो हळुवार हाताने माझा गुडघा चोळत होते.

"ते तर थांबले होते ना," मी म्हणालो. "दुसरा बेस."

गृहस्थांनी मान डोलावली. पुढचा गडी बाद झाला, आम्ही जिंकलो. पडल्यापडल्या मीच वहीत लिहिलं: दोन बेसचा फटका. वही तपासली तर चूक सापडायची नाही.

सोमवारी ते गृहस्थ माझ्या टेबलापाशी पेटीतलं मस्कमेलन, इथे आजाऱ्याला न्यायचं महागडं खरबूज, घेऊन आले. "माझ्या फटक्यामुळे आपल्याला त्रास झाला," म्हणाले. मी ते घरी आणलं. ओजिमात आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये ऑफिसातला एकजण राहतो, त्यामुळे मला लिफ्टपर्यंतसुद्धा लंगडावं लागायचं.

"सकाळी डावा पाय होता," बायको म्हणाली. "लिहून ठेव कुठेतरी. तू लिहिण्यात हुशार आहेस."

"मेलन काप ना."

"मी नाही खाणार. जखमी तू आहेस."

मुलीने निम्मं खाल्लं आणि "ओइशी", मस्त लागतंय, म्हणून खोलीत गेली. उरलेलं मी उभ्याउभ्या संपवलं. फार गोड होतं.

गेल्या वर्षी मनाशी ठरवलं की सांगून टाकायचं. काचोंची बदली होऊन गेली होती, टीम मोडली होती. फुनाबोरीला त्या टपाल विभागातल्या गृहस्थांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत एकच फोटो भिंतीवर होता: दुसऱ्या बेसवर हेल्मेट हातात धरून ते वाकलेत. त्यांच्या टीममधल्या कुणीतरी काढलेला.

"होमरन काय, बरेच जण मारतात," चहा ओतताना ते म्हणाले. "मला वाटायचं, आपल्या हातून खेळात लक्षात ठेवावं असं काही झालंच नाही. आणि मग तो दिवस आला. नातवाला मी हेच सांगतो. पळता आलं असतं, पण थांबलो."

मी कप खाली ठेवला. "त्या दिवशी माझा गुडघा..."

"अजून दुखतो?"

त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी फोटोकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"थंडीत," मी म्हणालो. "थोडासा."

ते आत जाऊन गरम पट्ट्यांचं पाकीट घेऊन आले आणि त्या चिकटवायच्या कशा ते दाखवलं. निघताना म्हणाले, गुडघ्याला चालणं चांगलं, दर रविवारी मी नदीवर जातो, तुम्हीही या.

म्हणून हल्ली रविवारी सकाळी मी आराकावाच्या बांधावर त्यांच्याबरोबर लंगडत चालतो. ते आता पासष्टीचे आहेत आणि माझ्यापेक्षा भराभर चालतात. मी मागे पडलो की थांबतात, टोपी काढून घाम पुसतात आणि मी गाठेपर्यंत वाट बघतात. मराठी त्यांना वाचता येत नाही.