मुलीचं नाव मी टाइप केलं होतं

रझिया आपांनी दीड वर्ष माझी चूक स्वतःच्या अंगावर वागवली.

आज त्यांना माती देऊन आलो.

घरी बसवत नाही. दुकानात आलोय, शटर अर्धंच वर आहे. हात धुतले, परत धुतले. शेवटी म्हटलं, लिहून टाकू.

ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आपा पडेगावच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. माझं क्रांती चौकाजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. कुठं पोरांना मारहाण झाली, कुणाला शाळेतून काढलं, की आपा हातानं लिहिलेला कागद घेऊन हजर. मी टाइप करायचो, त्या सही करायच्या, अर्ज बालहक्क आयोगाच्या पोर्टलवर जायचा.

"चाय बाद में. पहले टाइप कर." आमचा रामराम तो एवढाच.

गंगापूरकडच्या एका वसतिगृहातली आठवीची मुलगी. तिचं नाव लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

तिथला अधीक्षक वेचणीच्या दिवसांत मुलींना शाळा बुडवून स्वतःच्या शेतात कापूस वेचायला न्यायचा. नाही म्हटलं की छडी. सुट्टीत या मुलीनं आपांना सगळं सांगितलं. अट एकच.

"आपा, माझं नाव नका येऊ देऊ."

आपांच्या कागदावर होतं, 'वसतिगृहातील एक विद्यार्थिनी'.

आणि आम्ही पडलो दीडशहाणे!

इतकी वर्षं अर्ज टाइप करतोय. तहसील असो की पंचायत समिती, पूर्ण नाव-गाव नसलेला अर्ज परत येतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मुलीच्या ओळखपत्राची झेरॉक्स आपांच्या फाइलला लावलेली होती. त्यावरून नाव, गाव, इयत्ता सगळं टाकलं. 'ओळख गुप्त ठेवावी' हा फॉर्ममधला चौकोन तसाच रिकामा सोडला.

आपांनी भरवशावर न वाचता सही केली.

आयोगानं तक्रारीला नंबर दिला, जिल्ह्याकडून अहवाल मागवला. इथपर्यंत रीतसर. पण तो कागद एकेक टेबल उतरत खाली येतो. या साहेबाकडून त्या साहेबाकडं, आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात, 'खुलासा करा' म्हणून.

त्यावर मुलीचं पूर्ण नाव.

अधीक्षकानं ते प्रार्थनेला सगळ्यांसमोर वाचलं. आठवड्याच्या आत मुलगी दाखला घेऊन घरी. वर अहवाल गेला, तक्रारीत तथ्य नाही.

आपा दुकानात आल्या. अर्जाची प्रत काउंटरवर ठेवली. मला रडूच फुटलं. म्हटलं, तिच्या वडिलांना मी जाऊन सांगतो.

"दस्तखत किसके हैं?"

"तुमचे."

"मग चूक माझी. तुझं नाव निघालं तर उद्या कोण पोरगी तुझ्या दुकानात अर्ज घेऊन येईल? गप बस."

मी गप्प बसलो. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. आज त्याची किळस येते.

आयोग अहवालावर तक्रारदाराचं म्हणणं मागवतो. मुदतीत उत्तर गेलं नाही की प्रकरण बंद. बहुतेक लोक तिथंच थकतात. आपांनी उत्तर लिहिलं. चौकशीला दुसऱ्या खात्याचा अधिकारी पाठवा. बाई पाठवा. मुलींशी एकेकटीशी बोला. अधीक्षक त्या वेळी आवारात नको. या वेळी माझ्यामागं उभं राहून त्यांनी शब्दन् शब्द वाचला.

अधिकारी बाई आल्या. मुली बोलल्या. अधीक्षकाला हटवलं. मुलीला परत घ्या, असा आदेश निघाला.

तो आदेश घेऊन आपा जीपनं तिच्या गावाला गेल्या. मुलीनं खोलीचं दार उघडलं नाही. तिच्या लेखी नाव आपांनीच फोडलं होतं. आपा चार-पाच वेळा गेल्या. दर वेळी तेच. शाळा नको, आपा नको.

"लई हट्टी हाय पोरगी. अच्छा है," मला येऊन सांगायच्या. चहा तसाच ठेवून निघायच्या.

तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

आज कब्रस्तानाच्या फाटकात तिचे वडील भेटले.

"आमचा राग व्हता. पण मातीला यावं लागतंय," म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं. नाव मी टाइप केलं होतं. आपांनी नाही.

त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे आपाला मातीत घातल्यावर सांगतूस व्हय?"

त्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"मला नको सांगू. पोरीला सांग."

सांगितलं. तिनं विचारलं,

"आपाला माहीत व्हतं, तुम्ही केलं ते?"

"हो."

"मी दार लावून घेतलं, तरी ती बोलली नाय?"

"नाही बोलल्या."

मग एवढंच म्हणाली,

"मग आता मी तिला भेटायला कुठं येऊ?"

मी फोन तिच्या वडिलांच्या हातात परत दिला.

सगळ्यांनी वाचावं म्हणून इथं लिहिलंय. दुकानाचं व्हायचं ते होवो.

आपा, चूक माझी होती. खुदा हाफिज.