कुंकवाने माखलेला रेंजफाइंडर

सुमंत धारवाडच्या कोर्टात दिवाणी खटले चालवतो आणि अजून फिल्मवर फोटो काढतो. त्याचा मोठा कॅमेरा केशवापूरच्या घरी कपाटातच पडून असतो; वकिलीच्या बॅगेत तो मावत नाही. मोबाईल पुढे केला की लोक चेहरे सावरतात, म्हणून तो नको. गेल्या महिन्यात जमिनीच्या दाव्यात एकमेकांवर उठलेले दोन भाऊ निकालानंतर कोर्टाबाहेर एकाच ग्लासातून उसाचा रस पिताना दिसले. सुमंत नुसता हात चोळत उभा राहिला. त्याच दिवशी त्याने ठरवलं, पँटच्या खिशात बसेल असा छोटा रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचा आणि रोज जवळ ठेवायचा.

सुभाष रोडवर पुंडलिकअण्णांचा जुना स्टुडिओ आहे. अण्णांनी काचेच्या कपाटातून एक चकचकीत कॅमेरा काढला. सुमंतने तो हातात घेतला आणि बोटं चिकटली.

"हे काय लावलंय, अण्णा?"

"खंडेनवमीची पूजा. हळद, कुंकू, नारळाचं पाणी. एक वर्ष चुकलं नाही, वकीलसाहेब!"

सुमंतने कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. अशा कॅमेऱ्यात मधल्या पिवळसर चौकटीत एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाभोवतीची रिंग फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. इथे चौकटीच्या जागी तांबडा चिखल होता. रिंग हलेना. जोर लावला तेव्हा फटीतून एक मुंगी निघून त्याच्या अंगठ्यावर चढली. त्याने ती फुंकून उडवली.

"यंत्राला पंचामृत पाजलंत तुम्ही."

"वडिलांपासूनची पद्धत आहे. देवाला नावं ठेवू नका."

"देवाला कुठे ठेवतोय? दुसरा आहे का?"

"आहे, पण पूजेत मांडण्यासारखा नाही." अण्णांनी नाखुशीनेच खणातून एक पोचे पडलेला, काळपट कॅमेरा काढला.

सुमंतने भिंग उजेडात धरलं. बुरशी नव्हती. समोरच्या दुकानाच्या पाटीवर रोखून रिंग फिरवली. ती अलगद फिरली, दोन पाट्यांची एक झाली. शटर जेमतेम ऐकू आलं. कॅमेरा खिशात सहज बसला.

"हाच द्या."

"थांबा, नवी वस्तू कुंकू न लावता नेऊ नये." अण्णांचं ओलं बोट करंड्यातून वर आलंही होतं.

"बेडा, अण्णा, नको!" सुमंतने भिंगावर पंजा ठेवला आणि कपाळ पुढे केलं. "लावायचंच तर इथे लावा."

अण्णांनी मनापासून ठसठशीत टिळा लावला. रस्त्यावर येताच सुमंतने तो रुमालाने पुसला, रुमाल डाव्या खिशात कोंबला आणि कॅमेरा उजव्या खिशात टाकला.