सबंध सुपारी

लेकीच्या या लग्नात दिराला, भालचंद्र उकिडव्यांना, काय काय मिळणार, याचा हिशेब विनया डोळे मिटता मिटता मांडते आहे. दुपारची जेवणं झाली आहेत, भांडी पालथी पडली आहेत, खिडकीचा पडदा ओढलेला आहे. चार वाजता भालूभावजी चहाला यायचे आहेत, तोवर जरा पाठ टेकायची.

तर भावजींची जमेची बाजू. हायवेवरचं लॉन त्यांच्या पैशानं, सहाशे पानं त्यांच्या पैशानं, म्हणून पत्रिकेत निमंत्रक म्हणून त्यांचं नाव सगळ्यात वर. लग्नानंतर लगेच पतसंस्थेची निवडणूक, तिला भावजी उभे, म्हणजे सहाशेतले निम्म्याहून जास्त सभासद बासुंदी पिऊन मतदानाला मोकळे. शिवाय वहिनीचं सगळं दिरानं केलं, हे कराडभर. आणि कन्यादानाला पाटावर ते आणि त्यांची बायको मृणाल. हे शेवटचं ते अगदी जाता जाता बोलले होते, चपला शोधताना. “तुम्हाला बसायचेसुद्धा कष्ट नकोत वहिनी. आम्ही दोघं आहोत ना.”

आता विनयाची बाजू. नवरा, श्रीधर, जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेतली नोकरी करून एकुलत्या एका मुलीला, ऋजुताला, तिनं एकटीनं वाढवलं. गणपतीच्या देवळाचा हॉल, भटजी, मुलीचा शालू, मंगळसूत्र, इथवर तिचे पैसे नीट पोचतात. जेवणापाशी येऊन थांबतात. तिथून पुढं भावजी. ज्याचा खर्च त्याचा पाट, असा सरळ सौदा आहे, फक्त तो मायेच्या कागदात गुंडाळलेला आहे. आज चारला होकार द्यायचा, उद्या पत्रिका छापायला जाणार.

पंख्याची घरघर लांब जाते, आणखी लांब जाते.

“पंखा कशाला एवढ्या जोरात? वारा काय विकायचाय?”

पलंगाच्या पायथ्याशी माई बसल्या आहेत. माई म्हणजे विनयाची सासू. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली, पण चष्म्याची दांडी अजून त्याच दोऱ्यानं बांधलेली. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, तांदळाला कुंकू चोळणं चाललंय.

“माई, या कण्या आहेत. अक्षतांना तुटका तांदूळ चालत नाही.”

“डोक्यावरच पडणार आहेत ना? की पंगतीत वाढणार आहेस?”

विनयाला मुळीच नवल वाटत नाही. माईंनी असंच बोलायचं असतं. या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाला सबंध सुपारी दिली नाही. जेवणानंतर पाहुण्यांपुढं डबा यायचा, त्यात एकच सुपारी कातरलेली असायची, आणि वाट्याला येईल ते खांड तोंडात टाकून पाहुणे थोडं अंतर गेल्यावर हसायचे.

“किती पानं म्हणतोय भालू?”

“सहाशे.”

“आपल्याला सहाशे माणसं ओळखतात?”

“त्यांना ओळखतात.”

“मग लग्न त्याचंच लावा की पुन्हा,” माई म्हणतात आणि सूप झटकतात. कोंडा उडतो, पडद्यावर बसतो. पडदा आता मांडवाचं कापड झाला आहे, लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचं. त्यातून ऊन गाळून येतंय. सनई सुरू आहे, जरा बेसूर. हे विटं आहे, विनयाचं माहेर, आणि हा तिच्याच लग्नाचा मांडव आहे. पलीकडं तिचे बाबा तुपाचं भांडं घेऊन उभे आहेत. दवाखान्यात कंपाउंडर होते बाबा. तूपसुद्धा औषधासारखं मोजून वाढताहेत, पण प्रत्येकाला वाढताहेत.

मधोमध पाटावर बारा वर्षांचा मुलगा बसलाय, गुळगुळीत डोक्याचा, लंगोटी लावलेला. दोन्ही गालांत दोन लाडू. भालू.

“तुझं लग्न दुपारी आणि याची मुंज सकाळी,” माई म्हणतात. त्यांचा आवाज अभिमानानं फुगलेला आहे. “भटजी म्हणाले, शास्त्रात बसत नाही. मी म्हटलं, आधी मुंज, मग लग्न. शास्त्राला बसायला एवढी जागा पुष्कळ झाली. तासभर बसून दक्षिणासुद्धा एकाच कार्याची ठरवली. मांडव कुणाचा होता गं?”

“माझ्या बाबांचा.”

“तूप?”

“बाबांचं.”

“वाजंत्री?”

“बाबांचेच.”

“मग भालूच्या मुंजीला मी काय खर्च केला?”

विनयाला हसू आवरत नाही. “लंगोटी.”

“तीसुद्धा जुन्या चादरीची,” माई म्हणतात, आणि दोघी हसतात. सासू-सुना म्हणून तेवीस वर्षं एका घरात राहिल्या, अशा एकत्र कधी हसल्या नव्हत्या.

मग विनयाच्या लक्षात येतं. “पण माई, तुम्ही कुठं आहात? मुलाशेजारी पाटावर तर त्याचे काका-काकू बसलेत.”

माई बोट दाखवतात. मांडवाच्या कडेला स्वयंपाकघराचं दार आहे, आणि दाराआड आणखी एक माई उभ्या आहेत, तरुण, केस काळे, कपाळ मोकळं. हातात पापडाचा डबा. मुंज लागण्याआधी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो, ते जेवण चाललंय. काकू भालूला घास भरवतेय. दाराआडच्या माई पापड मोजताहेत. तेच पापड पुन्हा पहिल्यापासून मोजताहेत.

“म्हणाले, नवरा नाही, तुम्ही पाटावर चालत नाही,” शेजारच्या माई सांगतात. “मी म्हटलं, बरं. दक्षिणेसाठी तासभर भांडलेली मी, याला नुसतं बरं म्हटलं.” त्या सुपातला एक कण उचलतात, बघतात, परत टाकतात. “मी जन्मात काही फुकट दिलं नाही, विनया. ती एक जागा दिली.”

सनई थांबली आहे. पाय ओले लागतात, कारण दोघी कराडच्या घाटावर पायरीवर बसल्या आहेत आणि मांडव तसाच डोक्यावर आहे.

“पुढं काकू गेल्यावर काकांनी एकट्यानं नातवाची मुंज लावली, आठवतं?” माई विचारतात. “कमरेला काय खोचलं होतं?”

“सुपारी. काकूंच्या जागी.”

“म्हणजे बाप्याला बायकोच्या जागी सुपारी चालते. आणि बाईला नवऱ्याच्या जागी अख्खा दीर लागतो, वर सहाशे पानं. ही कुठली काटकसर?”

विनया ओले पाय वरच्या पायरीवर घेते. मग हळूच म्हणते, “भटजी ऐकतील?”

“दक्षिणेचं बोलणं नंतर काढ. ऐकतात.”

“आणि लोक काय म्हणतील?”

“साठच बोलव. म्हणजे म्हणणारेही साठच.”

“पण माई, त्या साठांचं जेवण?”

माई सूप बाजूला ठेवतात. “पदर दे,” म्हणतात. विनया देते. त्या पदराच्या टोकात काहीतरी ठेवतात, गाठ मारतात, त्या गाठीवर आणखी एक गाठ मारतात. बाजाराला निघताना सुटे पैसे बांधायच्या, तशीच. मग पायरीवरून खाली बघतात. खालच्या पायरीवर तो गुळगुळीत डोक्याचा मुलगा अजून लाडू खातोय.

“त्याला विचार ना,” माई म्हणतात, “कुणाचे खातोय.”

मुलगा वळतो, तोंड भरलेलं, आणि थोराड आवाजात म्हणतो, “वहिनी, आहात का घरात?”

विनया उठून बसते. घंटा दुसऱ्यांदा वाजतेय. खिडकीत चारचं ऊन. दाराकडं जाताना पदर कशाला तरी लागून टकटकतो. ती बघते. टोकाला गाठ आहे, गाठीवर गाठ.

भावजी बसतात, रुमालानं मान पुसतात. “मग ठरलं ना?”

“ठरलं. लग्न गणपतीच्या देवळात, साठ माणसं. जेवण तुमच्याकडून. पाटावर मी बसणार.”

“जेवण माझं आणि पाट तुमचा?” भावजी हसतात. दुकानदार माणूस, सौदा उलटा झालेला लगेच कळतो. “असं कसं वहिनी?”

“तुमच्या मुंजीतले लाडू आठवतात?”

“न आठवायला काय झालं. सात खाल्ले होते. रात्री पोट धरून बसलो होतो.”

“कुणाच्या घरचे होते हो?”

भावजी रुमालाची घडी घालू लागतात. टाइल्सचं दुकान चालवणारा माणूस मोजमापात चुकत नाही. मांडव, तूप, सनई, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकताना विनयाला दिसतं.

“पण शास्त्रात...” ते अगदी बारीक आवाजात म्हणतात.

विनया गाठ सोडायला घेते. बोटांनी सुटत नाही, दातांनी सोडावी लागते. आतून एक सुपारी टेबलावर घरंगळते. माई गेल्यापासून या घरात सुपारी आलेली नाही.

भावजी ती उचलतात, उलटसुलट फिरवतात. चाळिशी उलटलेल्या त्या माणसाचा चेहरा लाडू भरलेल्या मुलासारखा होतो.

“सबंध आहे,” ते म्हणतात.

“हो.”

“कन्यादानाला... आईच्या ठिकाणी आईच हवी,” ते म्हणतात, आणि सुपारी परत तिच्या हातावर ठेवतात. दोन्ही हातांनी ठेवतात. विनया ती कमरेला खोचून बघते, ताठ उभी राहते. सुपारी बरोबर बसते.

शेवटचा हिशेब असा मिटला. हॉल, भटजी, शालू आणि मंगळसूत्र विनयाचं. साठ पानं भालूभावजींची, लहानपणी विट्यात आगाऊ जेवलेली. लॉनचा खर्च कुणालाच पडला नाही. आणि श्रीधरच्या जागची सुपारी माईंनी दिली, न कातरता.