तलावाचे नमन कोणाला

आमगावच्या अलीकडे आमचे गाव आहे. गावाला तलाव आहे आणि तो माझ्या पूर्वजांनी बांधला. ही बढाई नव्हे. लोकांना विसर पडतो, म्हणून सांगावे लागते. पाऊस सरून धान पोटरीत आला, की त्या तलावाचे तुडूम, म्हणजे पाळीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातून शेतांना पाणी सोडायचे तोंड, उघडतात. त्याआधी चार कडव्यांचे नमन म्हणायची रीत आहे. वडिलांच्या मागे ते मीच म्हणत आलो. त्यात देवाचे नाव नाही. देव मोठ्या पोटाचा आहे, पहिला मान त्याचा आहे आणि मागायला आलेल्याला तो रित्या हाताने परत पाठवत नाही, एवढेच आहे.

हा देव कोण, असे कोणी कधी विचारले नव्हते. यंदा तलाव समितीने विचारले, कारण पाळीवर नमन कोरलेली फरशी बसवायची होती आणि फरशीवर चित्र कोणाचे काढावे, हे त्यांना कळेना.

शाळेच्या ओसरीत बैठक भरली. निवृत्त गुरुजी म्हणाले, "मोठं पोट, पहिला मान. आणखी काय पाहिजे? गणपती." जन्मभर फळ्यावर उत्तरे लिहून दिलेल्या माणसाला प्रश्न वाचण्याची सवय उरत नाही. गोंदियाहून बोलावलेले कथावाचक डोळे मिटून म्हणाले, "ये तो साक्षात् विष्णु की स्तुति है. जिनके उदर में ब्रह्मांड है, उनका पेट बड़ा नहीं होगा?" पहिल्याने नमन कधी पाळीखाली उतरून ऐकले नव्हते. दुसऱ्याने तर तलावच पाहिला नव्हता.

मी म्हणालो, "तिसऱ्या कडव्याला म्हणणारा गुडघाभर पाण्यात उतरतो. चौथे संपले की ओंजळभर पाणी पितो आणि मगच तुडूम उघडते. गुरुजी, तुम्ही गणपती पिता का?"

ओसरी हसली. हसून झाल्यावर तिनेच हात वर केले आणि बहुमताने गणपती ठरवला. हात मोजून देव नेमणाऱ्यांशी काय वाद घालावा?

"ज्याला नमन आहे तो तलाव आहे," मी बजावले. "तुमच्या फरशीपुढे मी तोंड उघडणार नाही."

"नका उघडू, काकाजी," समितीचा अध्यक्ष म्हणाला. "तुमच्याबिगर का पानी थांबून राहीन? मागच्या सालचं रेकॉर्ड हाये न मोबाइलमधी."

माझाच आवाज, माझ्याविरुद्ध!

तुडूम उघडायच्या दिवशी मी पाळीच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. फजिती पाहायलाच गेलो होतो, हे लपवत नाही. फरशीला झेंडूच्या माळा होत्या, भोंगा होता आणि सारा गाव तलावाकडे पाठ करून उभा होता. भोंग्यातून मी चारही कडवी म्हटली. नारळ फुटला. अध्यक्ष ओरडला, "उघड रे!"

तुडुमाचा खुंटा धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस हलला नाही. त्याच्या बापाने माझ्या बापासाठी हाच खुंटा ओढला होता.

"काऊन थांबला बे?"

"पानी कोनं पेलं?"

"रेकॉर्ड झालं न पूर्ण!"

"मोबाइल पानी पेते का जी? पेल्याबिगर माह्या बापानं नाही उघडलं, मी बी नाही उघडत."

गुरुजी पुढे सरसावले. दोन पायऱ्या उतरले, शेवाळ पाहिले, स्वतःचे बूट पाहिले आणि वर गेले. मग त्यांनी सीलबंद पाण्याची बाटली मागवली. "हे पितो. पाणी ते पाणीच."

"गुरुजी," खालून उत्तर आले, "त्या बाटलीनं धान पिकत असंन, तं तिचंच झाकन उघडा."

आता कोणी हसले नाही. खाली शेतांना भेगा पडल्या होत्या आणि आणखी दोन दिवसांत पोटरीतला धान वाया गेला असता. हळूहळू माना माझ्याकडे वळल्या. मी त्यांना संध्याकाळपर्यंत तसेच उभे ठेवणार होतो. तेवढा माझा हक्क होता. पण ज्याने माझी बाजू राखली होती, तो एकटाच माझ्याकडे पाहत नव्हता. गार पाण्यात खुंटा धरून तो नुसता उभा होता, आणि मी न उतरल्यास गावाच्या शिव्या त्यालाच खाव्या लागणार होत्या.

मी चपला काढल्या आणि उतरलो. पाण्याकडे तोंड करून चारही कडवी म्हटली. आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. पाळीवर ऐकू गेला नसेल. ज्याला ऐकवायचा होता, तो गुडघ्यांना लागून होता. मी वाकलो, ओंजळ भरली, तोंडाला लावली. त्याने खुंटा ओढला आणि पाळीच्या पोटातून पाणी घुमत शेतांकडे गेले.

"पाहा," वरून गुरुजींचा आवाज आला, "शेवटी गणपतीनंच काकाजींना बुद्धी दिली."

माझ्या तोंडात शेवटचा घोट होता. केवळ म्हणून ते माझ्या उत्तरातून वाचले.